डबीचा ड्रायव्हर

शनिवारी दुपारी बू विर्यांतीनं गाण्यांची डबी संगणकाला जोडली, तर संगणकानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर पाचव्या वॉर्डाच्या बायकांशी कवायतीची स्पर्धा होती आणि नवं गाणं अजून संगणकातच अडकलं होतं.

"अहो, बघता का जरा?"

तिचे यजमान पाक सुरोसो – तिथं 'पाक' म्हणजे राव आणि 'बू' म्हणजे बाई – याच हाकेची वाट पाहत होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून मलांग शहरातल्या त्या घरातलं घड्याळ, पंखा, भाताचा कुकर असं सगळं त्यांनी आतून पाहून घेतलं होतं. संगणक तेवढा राहिला होता.

"बॅटरी भरतेय, म्हणजे वायर चांगली आहे," डबीच्या इवल्याशा पडद्यात डोळे घालत ते म्हणाले. "गडबड ड्रायव्हरची आहे."

"एवढ्याशा डबीला ड्रायव्हर?"

"संगणकाला तिची ओळख करून देतो तो. जुना काढला की नवा येतो."

संगणकात त्यांना एक लांबलचक यादी सापडली. डबीची ओळ कोणती ते कळेना, म्हणून त्यांनी एकेक काढून पाहायला सुरुवात केली. चौथ्या ओळीला माउस गेला, पाचवीला कीबोर्ड.

"आता हो?"

"आता कळलं ना, माउस कोणत्या ओळीत होता ते!"

मग वरात शेजारच्या बू लेस्तियानीकडे गेली. तिच्या संगणकानंही डबी ओळखली नाही आणि पंधरा मिनिटांत तिचाही माउस निपचित पडला.

"मुलगा सुराबायाहून येईपर्यंत हे असंच राहणार का?" तिनं रडवेल्या आवाजात विचारलं.

शेवटी दोघं कोपऱ्यावरच्या कोह ल्योंगच्या मोबाइल दुकानात गेली. त्यानं डबी आपल्या संगणकाला जोडून पाहिली, मग त्यांची वायर उपसली, स्वतःची लावली आणि डबीतली गाणी पडद्यावर हजर झाली.

"पाक, तुमची वायर नुसती चार्जिंगची. माहिती जायची तारच नाही हिच्यात."

"कापून दाखव ना!"

कोह ल्योंगनं वायर कापली. आत चारऐवजी दोनच तारा निघाल्या. पाक सुरोसोंचा चेहरा असा उजळला, की विर्यांतीला रागवायचंही सुचेना.

"आणि आमचे माउस?" तिनं विचारलं.

"बटण दाबून बंद करा, परत चालू करा. येतील आपोआप."

नवी वायर घेऊन परतताना बू लेस्तियानीकडे पाक सुरोसोंनी संगणकाचं बटण दाबलं, दहा आकडे मोजले, पुन्हा दाबलं. माउस पळू लागला.

"खरं म्हणजे बिघाड मीच…" ते सांगू लागले, पण ती केव्हाच दारात जाऊन गल्लीला ओरडून सांगत होती, "पाक सुरोसोंनी नुसता हात लावला हो!"

रविवारी स्पर्धा जिंकून विर्यांती घरी आली, तर ओसरीवर तीन माणसं ताटकळत बसलेली. पाक सुरोसो मोरीत लपले होते.

"सांग त्यांना, मला काही येत नाही म्हणून," ते आतून कुजबुजले.

"सांगते. त्यातल्या एकाचा प्रिंटर म्हणे आपला आपणच कागद छापतो."

मोरीची कडी वाजली.

"आपला आपण? काय छापतो?" पाक सुरोसो पायात चपला सरकवत बाहेर आले.