एकरूप पाय

सन १९५६. भोपाळ राजधानी असलेले नवे राज्य होण्यास दोन महिने उरले असता, ग्वाल्हेरच्या एका कचेरीतील कारकून लक्ष्मीकांत यांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. कचेरीत दरबारच्या काळापासून बंद बूट आणि मोजे सक्तीचे होते. दरबार गेला, बूट राहिले.

शिंदे की छावनीतल्या घरी अनसूयाबाई नवऱ्याचे पाय पुसत म्हणाल्या, "बोटांमध्ये ओल राहू देऊ नका. पंचा वेगळा ठेवा, मोजे उन्हात वाळवा. अन् चप्पल घाला हो, बोटांनाही जरा वारा खाऊ द्या."

लक्ष्मीकांतांनी चप्पल वापरण्याची रीतसर परवानगी मागितली.

"चप्पल?" बडे बाबू पांडुरंगराव म्हणाले. "आमचे आजोबा चिखल्यांसकट दरबारात उभे राहिले. बोटांसाठी वारा नाही मागितला कधी! भोपाळच्या यादीत नाव आहे ना तुमचं? तिथं धडधाकट माणसंच घेणार. पहिले तपासणी होऊ द्या."

एकट्याची तपासणी पक्षपात ठरली असती, म्हणून कचेरीतले चाळीसही जण एकामागून एक एकाच ओल्या गोणपाटावर उभे राहिले. पाहणीला आलेले इंदूरचे आणि रीव्याचे अधिकारीही त्यावर उभे राहिले. शिपाई दौलतसिंहाने सर्वांचे पाय एकाच पंच्याने पुसले. "सबका बराबर होगा, बाबूजी!" परिपत्रकांना कचेऱ्यांचे जे एकीकरण वर्षभरात जमले नव्हते, ते गोणपाटाने एका दुपारी केले.

लक्ष्मीकांत महिनाभर रजेवर गेले. अंगणात मोजे वाळले, बोटे वाळली, कातडी बाळाच्या टाळूसारखी मऊ झाली. ते चप्पल घालून हजर झाले, तेव्हा सारी कचेरी टेबलाखाली पाय घासत होती. तपासणीचा अहवाल आला होता : खाज सर्वत्र आढळत असल्याने ती प्रकृतीस धरून समजावी.

"तुमचे पाय विसंगत आहेत," पांडुरंगराव म्हणाले. "यादीतून नाव काढावं लागेल."

"अहो, पण बरे झालेत!"

"तेच तर. उद्या वरून विचारतील, याचे बरे झाले, मग बाकीचे काय करत होते?"

दौलतसिंहाने गोणपाट अंथरला. "ठंडा है बाबूजी, आ जाओ."

लक्ष्मीकांतांना दोरीवर डुलणारे मोजे आठवले. त्यांनी चप्पल काढली आणि ते गोणपाटावर उभे राहिले. नाव यादीत कायम झाले.

संध्याकाळी अनसूयाबाईंनी त्यांचे पाय पाहिले, आणि या वेळी स्वतःचा पंचा वेगळा ठेवला.

त्यांच्या जागी तुम्ही असता, तर त्या गोणपाटावर पाय ठेवला नसता, हे आम्हाला मान्य आहे. फक्त एकदा मोजे काढून दाखवा.