रिकामी फेरी

नेलेली चाळणी परत द्यायला वानखडे सर आले, की जाताना दुसरं काहीतरी मागतात. गरज नसली तरी. "वहिनी, रिकामी फेरी म्हणजे पाप हाय." परवा हातोडी नेली. घरात ठोकण्यासारखं काही नाही.

सर अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. आमच्या शेजारी एकटेच राहतात. मी शेंदूरजनाघाटच्या संत्रा बागायतदारांच्या गटाचं काम बघते. कापसानं पाठ फिरवली त्या वर्षांत गटातली घरं संत्र्यावर तगून होती. माल क्रेटमधून अकोल्याला जायचा, क्रेट तिथल्या दुकानांत अडकायचे, ट्रक मोकळा परतायचा. एका साली आंबिया बहार तोडणीला आला आणि आमच्याकडे क्रेटच नव्हते. संत्रा खुला भरला असता तर तळचा सगळा चेंदला असता.

सरांना हे ऐकून आनंदच झाला. क्रेटनी कुठून जावं, रिकाम्यांनी कुठे जमावं, हे ठरवायला त्यांनी कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिला. तो शेकडो आराखडे मांडायचा, महागडे फेकायचा, उरलेल्यांच्या सोयरिकी जुळवायचा आणि त्यांच्या पोरांतून पुन्हा निवडायचा. "पिढीगणिक अक्कल वाढून राहिली," सर म्हणाले. "माणसाचं उलटं हाय."

तरी उत्तर धड येईना. क्रेट जमवायची जागा कधी मूर्तिजापूर, कधी शहराबाहेरचं गोदाम. अकोल्याच्या बाजाराजवळ जागाच नाही का, असं विचारलं तर सर चष्मा पुसत बसले. होती. ट्रक वळेल एवढं अंगण. प्रोग्रामनं पहिल्याच दिवशी ते निवडलं होतं. सरांनीच ते वगळलं.

"कावून?"

"माह्या ताईचं घर हाय."

भांडण नव्हतं. सरांची बायको गेल्यावर ताईंनी चिवड्याचा डबा पाठवला होता. डबा रिकामा परत कसा द्यायचा, आणि सरांना तर चहाशिवाय काही येत नाही. म्हणून ते गेले नाहीत. मग लाजेनं फोनही थांबले.

मी सरांच्या फळीवरचा तो डबा काढला, त्यात मावतील तेवढी संत्री कोंबली, झाकण सुतळीनं बांधलं आणि सरांना ट्रकमध्ये बसवलं.

ताईंनी अंगण दिलं, वर दुकानदारांना दमही दिला आणि सरांना तिथेच ठेवून घेतलं. पुढच्या फेरीला ट्रक क्रेटनी खच्चून भरून आला, तेव्हा मी आधी पायरीवर टेकले. ड्रायव्हरशेजारून सर उतरले. काखेत तोच डबा, चिवड्यानं भरलेला.

"ताई रागावल्या?"

"म्हणे, डबा कोणाले पाहिजे होता?"

सर घराकडे निघाले आणि दारातून मागे वळले.

"वहिनी, सांजच्याले चिवडा खायले या. सगळेच या. लवकर रिकामा झाला पाहिजे."