निमकर साहेब घोड्याचे पाय मोजतात

चांदीवर, पितळेवर, कुठेही घोडा कोरलेला दिसला की निमकर साहेब त्याचे पाय मोजतात. मनातल्या मनात नाही, बोट ठेवून. एक, दोन, तीन, चार. मग 'हं' म्हणतात आणि घोडा खाली ठेवतात. घोड्याला पाय किती असतात याची या माणसाला सत्तरी ओलांडली तरी खात्री नाही, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो.

मी लखनौच्या चौकात गलाईचं काम करतो. सराफांकडे येणारी जुनी सोन्याचांदीची मोड वितळवून शुद्ध करून देतो. विट्याजवळच्या गावातून दोन कपड्यांनिशी आलो, पहिली पाच वर्षं दुसऱ्याच्या भट्टीवर राख चाळली. आज भट्टी माझी आहे, आणि ती घासाघीस करून झालेली आहे. लखनौची माणसं 'पहले आप' म्हणतात ना, मी त्याचा फार फायदा घेतला. मी भाव आधी सांगतच नाही. पहले आप.

निमकर साहेब रेल्वेत धातूंचे जाणकार होते. निवृत्तीनंतर जुन्या वस्तूंची पारख करतात. कुणाच्या घरी गेले की आधी वस्तूची विचारपूस करतात. "काय म्हणताय? बऱ्याच दिवसांत कुणी घासलं नाही वाटतं," हे तांब्याला. यजमानाकडे त्यानंतर बघतात. किंमत विचारली तर म्हणतात, "ती मालकाला माहीत असते. मी वय सांगतो." आणि वय सांगण्याआधी एक वाक्य ठरलेलं: "वाईट वाटून घेऊ नका, पण..." हे वाक्य आलं की समजायचं, आता आपलं वाकडं होणार.

माझं झालंच. मी एका नवाबी खानदानाच्या कारभाऱ्याकडून पितळेची समई घेतली होती. मराठी सरदाराची, दोनशे वर्षांची. चार दिवस भांडून निम्म्या भावात आणली आणि गणपतीत मराठी मंडळाच्या आरासीत उभी केली. निमकर साहेबांनी तिला नमस्कार केला, बुडाखाली बोट फिरवलं आणि शंभर माणसांत म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका जाधव, पण ही तीन वर्षांची आहे. मुरादाबादची. तब्येत मात्र चांगली आहे."

शंभर माणसं हसली. मी कारभाऱ्याला विसरलो, निमकरांना नाही विसरलो.

त्यात दुसरा राग. दर शनिवारी सकाळी ते माझ्या भट्टीवर येत. मोडीचं ताट पुढ्यात ओढून बसत. पैंजण, वाट्या, चमचे बाजूला सारत आणि देवाचं काही दिसलं की उचलून म्हणत, "हे मला द्या." मी भाव सांगे. ते तो देत. एका शब्दाने कमी करायला सांगत नसत. मी एकदा मुद्दाम दीडपट सांगितला, तर तोही दिला, वर 'धन्यवाद' म्हणाले. माझ्यासारख्या माणसाचा याहून मोठा अपमान नाही. जो घासाघीस करत नाही, तो तुमच्याहून जास्त कमावत असतो, हा बाजाराचा नियम. हा म्हातारा माझ्याकडून देव घेऊन परदेशी गिऱ्हाइकांना विकतो, हे मी मनाशी नक्की करून टाकलं होतं.

आणि मग इनामदार काकूंचे टाक चोरीला गेले.

टाक म्हणजे देव्हाऱ्यातले चांदीच्या पत्र्यावर उठवलेले कुळाचे देव. काकूंकडे सात होते. खंडोबा, भवानी, जोतिबा आणि बाकीचे. काकूंचे यजमान रेल्वेत इंजिनिअर होते, म्हणून त्या मानक नगरच्या बाजूला भाड्याच्या घरात राहायच्या. मुलगा समीर इथलाच जन्मलेला. मराठी सगळं समजतं, बोलतो हिंदी. त्याने गोमती नगरात फ्लॅट घेतला, आईला न्यायचं ठरलं, सामानाची बांधाबांध झाली आणि देव ज्या डब्यात बांधून ठेवले होते तो डबाच गायब. काकूंनी तिथेच बैठक मारली. "देव येत नाहीत तिथं मी कशी येऊ? माझं सामान सोडा." चंपाषष्ठीला आठ दिवस राहिले होते, आणि समीरच्या नव्या घरात आईची खोली रिकामी होती.

मंडळातली चार माणसं काकूंकडे जमली. निमकर साहेबांनाही बोलावलं होतं, पोलिसांना द्यायला टाकांचं वर्णन लिहून देण्यासाठी. मी गेलो तो सांत्वनाला. काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जाधव, रागावू नका. चोरीची चांदी शेवटी तुमच्याचकडे येते ना? माझे देव तुमच्या भट्टीत गेले नसतील ना?"

मी रागावलोच. काय बोललो ते इथे लिहीत नाही. पण घरी येताना काकूंचा प्रश्न माझ्याबरोबर आला. कारण खरं सांगायचं तर मोडीच्या ताटात काय आहे ते मी बघतच नाही. मोड म्हणजे वजन. माझ्या गावच्या देव्हाऱ्यातही टाक आहेत, आणि दुसऱ्याचे टाक मी कधी वितळवले नसतील अशी शपथ मला घेता येईना. माणसाला असं वाटलं की तो दुसरा गुन्हेगार शोधतो. मला निमकर साहेब आठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी विकास नगरात त्यांच्या दारात उभा राहिलो. "माझ्याकडून उचललेले देव कुठे आहेत ते दाखवा. आत्ता."

"या," ते म्हणाले. "आंघोळी चालल्यात त्यांच्या."

आतल्या खोलीत भिंतभर फळी होती. तीवर टाकच टाक, चाळीसएक असतील. काही सुटे, काही तुळशीच्या पानावर. प्रत्येकाखाली कागदाचा कपटा: कुठल्या शनिवारी मिळाला, काय दिसतं, कुठलं कूळ असावं. साहेब पंचा नेसून तांब्यातून एकेकाला पाणी घालत होते.

"हे सगळे कुणाचे?"

"पाहुणे आहेत. घर सापडेपर्यंत. आतापर्यंत अकरा जण परत गेले." त्यांनी कोपऱ्यातलं एक ताम्हन पुढे केलं. "हे सात इनामदारांचे. गेल्या शनिवारी तुमच्याच ताटातून आले. काल वर्णन लिहिताना ओळख पटली."

मी उडालोच. "आणि तुम्ही काल तिथं गप्प बसलात? लोक मला चोर म्हणतायत."

"वाईट वाटून घेऊ नका, पण चोर कुणीच नाहीये. काकूंकडे चांदीची नवी लक्ष्मी-गणपतीची जोडी पाहिलीत? समीरने वास्तुशांतीसाठी आणली आहे, आईला भेट म्हणून. खाली सराफाची चिठ्ठी तशीच होती. तोच सराफ, ज्याची मोड तुमच्याकडे येते. आणि त्या पोराने मला अर्ध्या तासात तीनदा चहा विचारला. तोंड दुसरीकडे करून."

मोडकी चांदी समजून पोराने आईचे देव बदल्यात दिले होते.

"मग सांगायचं ना."

"मी सांगितलं तर काकूंना देव मिळतील, मुलगा जाईल. त्याने स्वतः सांगायला हवं. कालपासून वाट बघतोय, नाही सांगत." साहेबांनी पंच्याला हात पुसले. "मला माणसाला कबूल करायला लावता येत नाही, जाधव. मला घासाघीस जमत नाही. तुम्हाला जमते."

आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने माझ्या एखाद्या गोष्टीला खरी म्हटलं.

मी तसाच गोमती नगरात गेलो. समीरने दार उघडलं. "अंकल, चाय लेंगे?"

"नको. चहाचं मला कळलंय. बस खाली."

तो बसला. मी म्हटलं, "दोन भाव आहेत. एक, आईला मी सांगतो. दुसरा, तू सांगतोस. दुसरा स्वस्त आहे."

"तीसरा कुछ नहीं हो सकता? आप कह दीजिए कि कहीं मिल गए."

"तिसऱ्यात मी चोर ठरतो. तो माल मी विकत नाही."

"मुझे सच में नहीं पता था, अंकल. लगा टूटी-फूटी चाँदी है. उन पर चेहरे तक नहीं थे."

"चेहरे होते. तुझ्या आईनं रोज धुऊन धुऊन घालवले. तिच्या आधी तिच्या सासूनं."

तो रडायला लागला. मला भाव वाढवून घेता आला असता, पण मी वाढवला नाही. मग म्हणाला, "आप साथ चलेंगे?" मी म्हटलं, दाराबाहेर उभा राहीन, आत तू एकटा.

संध्याकाळी निमकर साहेब ताम्हन घेऊन आले आणि आम्ही दोघं काकूंच्या दाराबाहेर उभे राहिलो. आत बराच वेळ फक्त समीरचा आवाज येत होता, मोडकंतोडकं मराठी. लहानपणी बोलत असेल तसं. मग काकूंनी आम्हाला आत बोलावलं. त्यांनी टाक एकदा मोजले, पुन्हा मोजले. आणि मुलाला म्हणाल्या, "आंघोळ केलीस का आज?"

"हाँ."

"मग घाल त्यांना. अंगठ्याने चोळू नकोस फार. थोडे राहू देत."

माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जाधव, चहा घेणार ना?" ही त्यांची माफी होती; याहून जास्त मी मागितली नाही. चहा मात्र दोनदा घेतला. चंपाषष्ठीला तळी गोमती नगरातच भरली.

परतताना ई-रिक्षात मी साहेबांना विचारलं, इतके देव कशाला सांभाळता? ते हजरतगंजचे दिवे बघत राहिले.

"आई गेली तेव्हा मी तिशीत होतो. धातूंचा शिकलेला माणूस. म्हटलं, हा पत्रा आहे, नव्वद टक्के चांदी. चौकात वजनावर दिले सगळे. सहा महिन्यांनी मागायला गेलो." थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्या खंडोबाच्या घोड्याला पाच पाय होते. कारागीर चुकला होता. आई म्हणायची, म्हणूनच तो लवकर येतो."

चौकात आलेली मोड आठवडाभरही टिकत नाही. चाळीस वर्षांपूर्वीची चांदी आज कुणाच्या तरी पैंजणात, कुणाच्या तरी वाटीत आहे. हे मला माहीत आहे, आणि धातूंच्या माणसाला तर माझ्याहून जास्त माहीत असणार. मी रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडलो.

आता शनिवारी साहेब येऊन जाईपर्यंत मी भट्टी पेटवत नाही. माणसं कुरकुरतात, कुरकुरू देत. देवाचं काही आलं तर वेगळ्या वाटीत ठेवतो आणि चष्मा लावून स्वतः बघतो. भाव मात्र सोडलेला नाही. त्यांना आता घासाघीस शिकवतोय. परवा त्यांनी पहिल्यांदा पाच रुपये कमी करायला सांगितले. मी दहा केले, कारण शिकणाऱ्याला उत्तेजन द्यावं लागतं.

त्याच दिवशी वाटीत एक घोडेस्वार होता, वरचा स्वार झिजून नुसता उंचवटा राहिलेला. साहेब यायच्या आधीच मी घोड्याच्या पायांवर बोट ठेवून दोनदा मोजलं होतं. ते आले, बसले, माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"वाईट वाटून घेऊ नका, निमकर साहेब," मी म्हटलं, "पण चारच आहेत."

"हं," ते म्हणाले. घोडा उचलून त्यांनी रुमालात गुंडाळला. "असू दे. कुणाची तरी आई याचीही वाट बघत असेल."