मे महिन्यातला हीटर

ऐन मे महिन्यात काचा लावून गाडीचा हीटर सुरू करणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच असावा. आमच्या सोसायटीतले अनंतराव केळशीकर. पार्किंगमध्ये बसून ते हीटरचा पंखा तपासत, घामाने निथळत आणि मग कुठेतरी निघून जात. त्यांना ‘हीटरराव’ हे नाव मी ठेवलं. एकटं राहून त्यांचं डोकं फिरलंय, ही बातमीही मीच जिन्याजिन्यात पोचवली. आता माझंही वय झालं. पसरवलं मी, तर निस्तरायलाही मीच हवं.

अनंतराव अविवाहित, निवृत्त आणि कायम बरोबर. “आधी तपासा, मग बोला,” हे त्यांचं ब्रीद. लिफ्ट अडकू दे नाहीतर चहा गार निघू दे.

“अहो, या उन्हात हीटर?” मी एकदा विचारलं.

“आपल्याला बसायला बोलावलंय का?”

एका दुपारी मात्र त्यांनीच बेल वाजवली. “वेळ आहे? नसला तरी चला. पंखा फिरत नाहीये. मी खाली वाकून बघतो, आपण बटण फिरवा. फिरवताना मत देऊ नका.”

फ्यूज शाबूत होता. वायर काढून पुन्हा बसवली. पंखा ढिम्म.

“एक ठोसा द्या की,” मी म्हटलं.

“यंत्राला तपासतात, मारत नाहीत.” त्यांनी घड्याळ पाहिलं. चेहरा उतरला. “बसा मागे. वाटेत बघू.”

गाडी थांबली ती एका हॉस्पिटलच्या दारात. शाल आणि कानटोपी घातलेले एक वाळके म्हातारे गृहस्थ कुडकुडत पुढच्या सीटवर बसले. “डायलिसिस झालं की मला हुडहुडी भरते,” ते मला म्हणाले. “मी याचा थोरला भाऊ. येरवड्याला असतो.”

‘हीटरराव’ हे नाव मी तिथेच मनातल्या मनात खोडलं.

गाडी निघाली. “यांना सांगा, पंखा बिघडलाय,” अनंतराव मला म्हणाले. भाऊ हातभर अंतरावर! बहिणीच्या केळवणाला अळूच्या भाजीत शेंगदाणे घालावेत की नाहीत, यावरून दोघांनी अबोला धरला होता, तो केस पिकले तरी सुटला नव्हता, हे मला मागाहून कळलं. एरवी येरवड्यापर्यंत पंख्याची घरघर असे, त्यामुळे न बोलताही निभत असे. आज नुसते दात वाजत होते. अनंतराव बटण उगाच पुन्हा पुन्हा फिरवत होते.

शालीतून आवाज आला, “अन्या, चपलेने ठोक खालून. बाबा रेडिओला ठोकायचे तसं.”

अनंतरावांनी गाडी कडेला घेतली. पंखा नेमका भावाच्या पायांशी. चप्पल हातात घेऊन ते वाकले. मागून मला वाटलं, नमस्कारच करतायत. एक टोला, दुसरा टोला, आणि घर्रर्र करून पंखा सुरू झाला! मी चक्क टाळ्या वाजवल्या. गरम वाऱ्याने मी भिजून गेलो, पण इतक्या आनंदाने मी कधी घामाघूम झालो नव्हतो. पुढच्या सीटवर दात वाजायचे थांबले.

येरवडा जवळ आल्यावर थोरले काहीतरी पुटपुटले. अनंतरावांनी पंखा हळू केला.

“काय म्हणालास, दादा?”

“अळूत शेंगदाणे हवेतच, म्हटलं.”

अनंतरावांनी गिअर बदलला. मग आयुष्यात पहिल्यांदाच काहीही न तपासता म्हणाले, “हवेतच.”