आक्कांच्या मुठीतला गूळ

आमच्या कडेगावात शिंकायचं असेल तर आधी आक्कांच्या खिडकीकडं बघून घ्यावं लागतं. खिडकी उघडी असली की मेलोच! दुसऱ्या शिंकेच्या आत शेजारच्या आक्का वाटी घेऊन दारात. वाटीत चिराइताचा काढा, डाव्या मुठीत गुळाचा खडा.

"घ्या मास्तर, एका दमात. तोंड वाकडं केलं तर गूळ न्हाई!"

अहो, त्या काढ्यापुढं कारलं म्हणजे पेढा! सहा वर्षांत मला तो खडा एकदाही मिळाला नाही. मिळाला फक्त पोस्टमनला, आणि त्याची तर सर्दीनं चवच गेली होती.

चिराइताच्या काड्यांची जुडी दर वर्षी त्यांच्या साताऱ्याकडच्या माहेराहून येते. एकदा मी त्यांना मोबाईलवर त्याच जातकुळीतल्या उदी चिराइताचं फूल दाखवलं. पांढऱ्या पाकळ्या, टोकं जांभळी.

"अगं बया, काय देखणं हाय!"

मी पडलो विज्ञानाचा मास्तर. अक्कल पाजळलीच, की या फुलाचं कूळ पार हिमालयापर्यंत पसरलंय आणि बहुतेक सगळे भाऊबंद कडूच.

"देखणी आन कडू? आवं, मग माझ्या सासरचीच की ही!" आक्का पदरात तोंड लपवून हसत सुटल्या.

गेल्या महिन्यात मात्र दोन दिवस खिडकी बंद. मी मुद्दाम मोठ्यानं शिंकलो. वाटी आली नाही. आत जाऊन बघतो तर आक्का तापानं फणफणलेल्या, एकट्या. डॉक्टर आणले, त्यांनी सुई टोचली. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि आक्का जैन. दिवस मावळला की पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायच्या नाहीत. आणि मावळतीचं ऊन तर भिंतीवर चढलं होतं.

मी धावतपळत त्यांच्याच चुलीवर काढा उकळला.

"एका दमात, आक्का. तोंड वाकडं केलं तर गूळ नाही!"

त्यांनी वाटी रिकामी केली आणि असं तोंड वाकडं केलं म्हणता! मला हसू आवरेना.

"लय कडू हाय वो मास्तर!"

"म्हणजे? तुम्ही घेतच नाही?"

"मालक हुते तवा तेच पाजायचे, समोर बसून. आपल्या हातानं कडू कोण पितं? कुणीतरी म्होरं बसाय लागतंय."

नियम मोडून मी खडा त्यांच्या हातावर ठेवला. आक्कांनी तो दातानं तोडला आणि अर्धा माझ्यापुढं धरला.

"घ्या. सा वर्सं राहिलाय तुमचा."

दिवस मावळायच्या आत आम्ही दोघांनी तो गूळ खाल्ला.