अर्ध्या दाढीनं काढलेली गाडी

"बाहेर ती मरून रंगाची मोटारसायकल कुणाची आहे हो?"

सलूनच्या दारातून एका गृहस्थानं डोकं आत घालून विचारलं, तेव्हा तडतड्यांचा उजवा गाल गुळगुळीत झाला होता आणि डाव्या गालावर लग्नाआधीपासूनची दाढी जशीच्या तशी होती. तडतडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ऑफिसातल्या लोकांनी ते त्यांच्या स्वभावाला दिलं होतं, आणि ते इतकं फिट बसलं होतं की खरं आडनाव आता त्यांच्या बायकोलाच काय ते आठवत असेल.

आज अकरा वाजता तडतड्यांची मुलाखत होती. ऑफिसात तक्रार निवारण अधिकाऱ्याची जागा निघाली होती. याआधी दोनदा त्यांची बढती हुकली होती आणि दोन्ही वेळा कारण एकच मिळालं होतं: समोरच्याचं ऐकून घेत नाहीत. म्हणून सकाळी बायको म्हणाली होती, "तुमच्या स्वभावाचं मी काही करू शकत नाही. निदान ती दाढी तरी काढून टाका. बघितलं की वाटतं, हा माणूस आता अंगावर येणार." तडतडे त्यावर चहा संपेपर्यंत तिच्या अंगावर आले आणि मग मुकाट्यानं सलूनमध्ये आले.

"माझी आहे गाडी!" ते आता खुर्चीतून गरजले. "काढतो, काढतो! जरा धीर नाही लोकांना. माणूस इथे अर्धवट सोलून बसलाय, दिसतंय ना?"

"अहो, तसं नाही, मी फक्त..."

"फक्त जरा पुढे, फक्त जरा मागे! पाठ झालंय मला हे सगळं!"

"साहेब, आधी दाढी पूर्ण करून घ्या," सलूनवाला म्हणाला.

"नको! आधी यांची घाई भागू दे. आमचं काय, आम्ही रिकामटेकडे!"

आणि गळ्याभोवतीचं पांढरं कापड तसंच फडकवत, एका गालावर फेस घेऊन तडतडे रस्त्यावर आले.

बाहेरचं दृश्य बघून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मघाशी त्यांनी गाडी लावली तेव्हा दोन्ही बाजूंना चांगली ऐसपैस जागा होती. आता डावीकडे एक स्कूटर अशी चिकटली होती की तिच्या आरशानं तडतड्यांच्या आरशाशी सोयरीक जुळवलेली. उजवीकडे एक जाडजूड बुलेट, तिला हँडल लॉक. पुढे भिंत. आणि तडतड्यांच्या गाडीचं लेगगार्ड स्कूटरच्या फूटरेस्टमध्ये अडकलेलं.

"याला पार्किंग म्हणतात? हे तर कपाटात साड्या कोंबल्यासारखं आहे!"

"साहेब, मी काय म्हणत होतो..." गृहस्थ पुन्हा पुढे झाला.

"म्हणू नका. मागून उचला!"

गृहस्थानं निमूटपणे मागची दांडी धरली. शेजारचा लाँड्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून दारात आला.

"हँडल डावीकडे मारा," तो म्हणाला.

"डावीकडे स्कूटर आहे, दिसत नाही?"

"मग उजवीकडे मारा."

"उजवीकडे काय तुमचं डोकं मारू?"

तडतड्यांनी हँडल मारलं, लेगगार्ड सुटलं, त्या हिसक्यानं स्कूटर कलंडली आणि लाँड्रीवाल्यानं ती वरच्यावर झेलली. तेवढ्यात पांढऱ्या कापडाचं टोक बुलेटच्या किकमध्ये अडकलं आणि तडतड्यांचा गळा आवळला गेला. ते सोडवायला वाकले, तर पोटरी नेमकी गाडीच्या सायलेन्सरला टेकली. तो अजून तापलेलाच होता. तडतड्यांनी जी आरोळी ठोकली ती ऐकून समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. त्यांनी आधी अर्धी दाढी बघितली, मग कापड बघितलं, आणि मग ती आत गेलीच नाहीत.

"साहेब, माझं जरा ऐकाल का?" गृहस्थ धापा टाकत म्हणाला.

"गाडी बाहेर पडेपर्यंत कुणाचं काही ऐकणार नाही!"

शेवटी बोटाबोटानं सरकवत, घामाघूम होऊन, तडतड्यांनी गाडी एकदाची रस्त्यावर काढली. त्याच क्षणी एक मुलगी स्कूटरवरून आली, त्या जागेत सुळ्ळकन शिरली, हँडल लॉक केलं, "थँक्यू काका!" म्हणाली आणि निघूनही गेली.

"घ्या!" तडतडे गृहस्थावर ओरडले. "माझी जागा गेली! काढा आता तुमची गाडी!"

"माझी गाडी? मी तर चालत आलो."

"मग मला गाडी काढायला का सांगितलंत?"

"मी कुठे सांगितलं? कुणाची आहे एवढंच विचारलं. मला तसलीच घ्यायची आहे. अ‍ॅव्हरेज किती देते?"

तडतड्यांनी श्वास आत घेतला. आता जे बाहेर पडणार होतं ते ऐकायला लाँड्रीवालासुद्धा दोन पावलं मागे सरला. पण सलूनवाला वाटी, ब्रश आणि वस्तरा घेऊन धावत आला.

"साहेब, साडेदहा वाजून गेले! गाडी लावायला जागा नाही, सोडून जाता येत नाही. बसा गाडीवरच, इथेच उरकतो. आणि आता अजिबात बोलू नका. गळ्याची बाजू आहे, हात हलला तर मला बोल लावायचा नाही."

वस्तरा गळ्याला टेकला. तडतड्यांचं तोंड मिटलं. गृहस्थानं पुढून हँडल धरलं आणि मोकळेपणानं सुरुवात केली.

शोरूमवाला भलतीच महागडी गाडी गळ्यात मारायला बघतोय. मेव्हणा म्हणतो, स्कूटर घे. बायको म्हणते, काहीच नको. पण आई थकली आहे, तिला महिन्यातून एकदा बहिणीकडे न्यायचं असतं, बसच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. मग सीट किती उंच असावी? मागे पाठ टेकायला काही लावून मिळतं का? तडतडे नुसते डोळे वटारत होते. त्या वटारण्याचा अर्थ गृहस्थानं 'पुढे बोला' असा घेतला आणि तो पुढे बोलत राहिला. हळूहळू डोळे थोडे निवळले. ते आईमुळे निवळले की वस्तऱ्यामुळे, हे तडतड्यांनाही सांगता आलं नसतं.

"झालं," सलूनवाल्यानं कापड काढलं.

तडतड्यांनी तोंड उघडलं. मघापासून साचलेलं सगळं ओठांवर आलं होतं.

"साहेब," गृहस्थ त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "इतक्या जणांना विचारलं, एकानंसुद्धा मला वाक्य पुरं करू दिलं नाही. इतकं शांतपणे ऐकून घेणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला."

तडतड्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी ते मिटलं. घड्याळात बघितलं आणि गाडीला किक मारली.

"बसा मागे."

"कुठे?"

"माझ्या साहेबांकडे. आत्ता जे बोललात ना, ते असंच्या असं तिथे बोलायचं. एक शब्द बदलायचा नाही."

गृहस्थ आनंदानं मागे बसला आणि गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत त्यानं आईच्या गुडघ्यांचा विषय काढला. तडतडे ऑफिस येईपर्यंत "हं, हं" म्हणत राहिले.