चाळीस पावलांची मोकळी जागा

एकोणीसशे एकोणऐंशी साल. जुलै संपत आला होता. आर्डिस हॅल्व्हरसनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर चौकटींचा कागद पसरला आणि आठ तंबूंची जागा आखायला घेतली. ऑशकॉशच्या मेळ्याला त्या वर्षी आयोवातल्या लिंडेन प्रेअरीच्या विमान क्लबाने एकत्र मुक्काम करायचं ठरवलं होतं. तोवर सगळे आपापले जायचे, जागा मिळेल तिथे पडायचे, आणि हजारो विमानांच्या त्या जत्रेत एकमेकांना शोधण्यात अर्धा आठवडा घालवायचे. या वेळी आर्डिसने पिकअपमधून तंबू घेऊन बुधवारीच पुढे जायचं, कुरणात खुंट्या ठोकून दोरी बांधायची, आणि बाकीच्यांनी शनिवारी विमानांनी यायचं, असा बेत होता. दोरी बांधली की त्या जागेला कोणी हात लावत नसे. तिकडची रीतच तशी होती.

कागदावर चार तंबू पूर्वेला बसले, चार पश्चिमेला. मधे चाळीस पावलांची जागा तिने कोरी सोडली. त्या कोऱ्या जागेपायी तिची एक रात्र झोपेविना गेली होती.

कारण असं, की तिचा नवरा नॉर्व्हल आणि मायलो कुबिचेक दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. क्लबाच्या पॅनकेकच्या न्याहारीला मायलोचं विमान उतरताना आपटलं, उडालं, पुन्हा आपटलं. नॉर्व्हलच्या हातात नेमका कर्णा होता. तो म्हणाला, "मंडळी, विमान एकच आहे, तीन समजू नका." सगळं गाव हसलं. मायलो हसला नाही. तो म्हणाला, दोनदाच आपटलं. त्या दिवसापासून क्लबाच्या सभेत दोघं एकमेकांना उद्देशून जे काही म्हणायचे ते आर्डिसकडे बघून म्हणायचे, कारण ती चिटणीस होती. "त्याला सांग, गवत वाढलंय." "त्याला सांग, मला दिसतं." दोघांमधे जेमतेम चार फूट अंतर असायचं.

आता धावपट्टी होती मायलोच्या कुरणात, आणि विमानांची शेड आणि पेट्रोलची टाकी होती नॉर्व्हलची. दोघांपैकी एकानेही अंग काढून घेतलं असतं तर क्लब संपलाच होता. आणि आर्डिसला त्या गावात दुसरं होतंच काय? लग्न करून आली तेव्हा नवऱ्याच्या नात्यातली माणसं तेवढी ओळखीची होती, आणि ती फार बोलणारी नव्हती. तिच्या सगळ्या मैत्रिणी तिला त्या शेडमधे, कॉफीच्या किटलीभोवती मिळाल्या होत्या. त्यातली सगळ्यात जवळची होती ब्लांच, मायलोची बायको.

मुक्कामाचं ठरलं तेव्हा मायलोने आर्डिसला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्याच्या तंबूपासून चाळीस पावलं. एकोणचाळीस झाली तर मी विमानात बसून घरी, आणि धावपट्टीवर सोयाबीन."

तिने हे घरी नॉर्व्हलच्या कानावर घातलं. नॉर्व्हल वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, "पन्नास ठेव."

तिने चाळीस ठेवली. बुधवारी दुपारी कुरणात पोचल्यावर ती मोजायला लागली. मायलो सव्वासहा फूट उंच, तेव्हा पावलं त्याच्या मापाची हवीत, हे अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं. मग बावन्न वर्षांची बाई स्कर्ट सावरत, टांगा टाकत पुन्हा पहिल्यापासून निघाली. आजूबाजूचे लोक कॉफी पीत बघत होते. तिकडे कोणी काही विचारत नाही. एका बाईने फक्त हात हलवला.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत कुरण भरलं. तंबूला तंबू चिकटले, दोरीवर टॉवेल वाळायला लागले, आणि मधोमध आर्डिसची मोकळी जागा तळ्यासारखी पसरलेली. सात वाजता एक चपटी टोपी घातलेला गृहस्थ छोटा ट्रेलर मागे लावून उभा राहिला. सस्कॅचवानहून तीन दिवस गाडी चालवत आलेला क्लेम पेनर. शेजारी त्याची बायको यूनिस पेंगत होती.

"बाई, मधे कोणी येणार आहे का?"

"नाही," आर्डिस म्हणाली. "म्हणजे हो."

आमची दोन माणसं बोलत नाहीत, म्हणून ही जागा रिकामी आहे, असं परक्याला सांगायचं? ते तर गावातसुद्धा कोणी मोठ्याने म्हणत नसे. सगळ्यांना माहीत होतं, एवढंच. आर्डिसच्या नजरेसमोर यूनिसचं पेंगणारं डोकं होतं, आणि काहीतरी उत्तर देणं भाग होतं.

"तिथे आम्ही मका उकडणार आहोत. शनिवारी."

क्लेमने जागेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. "एवढ्या जागेत?"

"बरीच माणसं आहेत."

"किती?"

"येतील ती," आर्डिस म्हणाली. चर्चच्या जेवणाला ती वीस वर्षं हेच उत्तर देत आली होती, ते आपोआप बाहेर पडलं.

क्लेमने टोपी काढली. एवढ्या चांगल्या कामाच्या जागेवर ट्रेलर लावायचा म्हणजे आपल्याला लाज वाटेल, असं तो म्हणाला आणि कोपऱ्यात, अगदी दोरीला लागून, कसाबसा उभा राहिला. शुक्रवारी सकाळी त्याने आर्डिसला विचारलं, की लोणी किती लागेल. आर्डिस म्हणाली, बघू. त्याने ते नाही असं न धरता अजून ठरलेलं नाही असं धरलं, आणि लोण्याच्या चौकशीला निघाला. तो जिथे जिथे लोणी विचारत गेला तिथे तिथे मक्याची बातमी गेली. दुपारी डॉयल नावाचा टेक्सासचा विधुर गुरांच्या डोणीएवढं पातेलं आणि गॅसची शेगडी घेऊन आला. ते पातेलं गेली सहा वर्षं उगाच बरोबर वागवतोय, असं तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. त्याला काय सांगणार? चारला मुक्कामाच्या कचेरीतली बाई सायकलवरून आली. फळ्यावर लिहायला तिला फक्त वेळ हवी होती.

"पाच," आर्डिस म्हणाली. तोवर तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. तिच्या बर्फाच्या पेटीत आठ घरांपुरती चाळीस कणसं होती.

ती फोनच्या खोक्यापाशी रांगेत उभी राहिली आणि तिने ब्लांचला फोन लावला.

"किती कणसं आणू शकशील?"

"किती हवीत?"

"तुझ्या शेतात किती आहेत?"

पलीकडून ब्लांच म्हणाली, "आर्डिस, काय करून ठेवलंस?"

आर्डिसने सांगितलं. ब्लांच इतकी हसली की मागच्या माणसाला ऐकू गेलं. "अगं, तू? चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतेस ना तू?"

"हसू नकोस. उद्या ते दोघे उतरतील आणि मधली चाळीस पावलं माणसांनी भरलेली असतील. मायलो घरी जाईल. मग धावपट्टी गेली, शेड गेली. सांग, तू आणि मी भेटायचं कुठे?"

ब्लांचचं हसू थांबलं. "पोती भरते," ती म्हणाली. "मायलोला कारण सांगत नाही."

शनिवारी तीन वाजता क्लबाची विमानं उतरली. मायलोच्या विमानातल्या मागच्या आणि शेजारच्या सीटा काढून पोती भरली होती, त्यामुळे ब्लांचला जागा उरली नव्हती. ती शांतपणे नॉर्व्हलच्या विमानात जाऊन बसली होती. मायलोला हे कळलं ते आकाशात. शेजारून जाणाऱ्या विमानातून त्याची बायको त्याला हात करत होती.

तो खांद्यावर पोतं घेऊन कुरणात आला तेव्हाच त्याचा चेहरा लाल झाला होता. पलीकडून नॉर्व्हल आला. मधल्या जागेत ताटल्या घेतलेली अडीचशे माणसं रांगेत उभी होती, आणि रांगेचं शेपूट दुसऱ्याच गावच्या तंबूंमधून वळलं होतं.

"आर्डिस," नॉर्व्हल म्हणाला, "ही कोण माणसं?"

"आपली," आर्डिस म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही.

डॉयल पातेल्यामागून ओरडला, की मक्यातलं कळणारं कोणी आहे का, कारण आपण बापजन्मात कोळंबीशिवाय काही उकडलेलं नाही. आयोवाच्या माणसाला हे ऐकवत नाही. नॉर्व्हल पुढे झाला. मायलोही पुढे झाला. पातेल्याच्या दोन बाजूंना दोघं उभे राहिले, मधे वाफ. आर्डिसने ब्लांचचा हात धरला. तिला वाटलं, आता मायलो पोतं खाली टाकेल आणि वळेल. सगळा क्लब ताटल्या घेऊन बघत होता.

नॉर्व्हलने मूठभर मीठ घेतलं आणि पाण्यावर हात नेला.

"मीठ घालू नकोस," मायलो म्हणाला.

नॉर्व्हलचा हात तिथेच राहिला. दोन वर्षांत पहिल्यांदा ते शब्द आर्डिसला वळसा न घालता सरळ गेले होते.

"काय म्हणालास?"

"मिठाच्या पाण्यात दाणा चिवट होतो. माझ्या आईला विचार."

"तुझी आई जाऊन बारा वर्षं झाली."

"म्हणून काय दाणा मऊ होतो?"

नॉर्व्हलने मूठ सोडली. मायलोने पोतं आपटलं आणि मोठा चमचा हातात घेतला. नॉर्व्हल म्हणाला, आठ मिनिटं. मायलो म्हणाला, आठ मिनिटांनी ते डुकरांना घाल, माणसाला तीन. नॉर्व्हलने त्याच्या सगळ्या खानदानाच्या दातांना नावं ठेवली. रांगेतल्या लोकांनी बाजू घेतल्या. क्लेमने दुसरं पातेलं मिळवलं, मग मिठाची रांग आणि बिनमिठाची रांग वेगळी झाली. दोघं घामाघूम होऊन एकमेकांची कणसं चाखत होते आणि तोंड वाकडं करत होते. अंधार पडेपर्यंत ते भांडत होते. धावपट्टीवर आपटण्याचा विषय त्यांनी काढलाच नाही, त्यांना वेळच मिळाला नाही.

आर्डिस एका उलट्या बादलीवर बसून रडत होती. ब्लांचने तिला एक कणीस आणून दिलं. ते मिठाचं होतं की बिनमिठाचं, हे आर्डिसने आयुष्यभर कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी कचेरीतल्या बाईने विचारायच्या आधीच फळ्यावर वेळ लिहून टाकली. क्लेम आणि यूनिस सतरा वर्षं आले, मग फक्त नाताळची कार्डं येत राहिली, मग यूनिसच्या एकटीच्या सहीने. डॉयलने तिसऱ्या वर्षी सायकलवाल्या बाईशीच लग्न केलं. ब्लांच अठ्ठ्याऐंशी साली गेली, फार लवकर. नॉर्व्हल शहाण्णवच्या शरद ऋतूत, शेडचं दार रंगवताना गेला. त्याच्या दफनाला मायलो आला, उभा राहिला, आणि एक शब्द न बोलता निघून गेला. सबंध हिवाळा तो कुणाशीच बोलला नाही.

मार्चमधे तो आर्डिसच्या स्वयंपाकघरात आला, टोपी न काढता बसला, आणि तिची कॉफी पातळ असते असं म्हणाला. आर्डिस म्हणाली, मग घरी पी. दर मंगळवारी तो येऊ लागला. विमान विकावं की नाही, पोस्टमन नवा बरा की जुना, पाऊस कुठल्या वर्षी जास्त झाला, सगळ्यावर त्यांचं भांडण व्हायचं. पुढे त्याला वृद्धाश्रमात ठेवलं. तेव्हापासून मंगळवारी आर्डिस तिकडे जाऊ लागली, आणि त्याला ऐकू येत नसल्यामुळे ओरडून भांडू लागली. तिथल्या नर्सेस दार लावून घ्यायच्या.

दोन हजार आठच्या मे महिन्यातल्या एका मंगळवारी ती जे म्हणेल त्यावर मायलो नुसता मान हलवत राहिला. "बरोबर आहे, आर्डिस," तो म्हणाला. तिने मुद्दाम सांगितलं, की यंदा बर्फ जुलैत पडलं. "बरोबर आहे," तो म्हणाला आणि तिचा हात थोपटला.

घरी आल्यावर तिने कपाटातून नॉर्व्हलच्या दफनाला घातलेला काळा कोट काढला आणि हवा लागावी म्हणून दोरीवर टाकला.